तळहातावर निवडुंगाचा अर्क

माझे सासरे बेसाच्या शेडवरून निघताना आंघोळ करतात आणि मगच नंदनवनातल्या घरी येतात. लोक बाहेरून आल्यावर हातपाय धुतात. हे बाहेरून निघण्याआधीच डोक्यावरून पाणी घेतात, शेडवरचे कपडे खुंटीला टांगतात, पिशवीतून नेलेले धुतलेले कपडे घालतात आणि मग फाटकाला कुलूप लावतात. जानेवारीत नागपूरला हुडहुडी भरते, तेव्हाही यात सूट नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं, शेडवर काहीतरी विषारी काम चालत असावं. तसं काही नव्हतं. शेडवर स्पिरिट होतं, आणि माझ्या सासूबाईंना स्पिरिटचा वास घरात चालत नव्हता.

सासरे होमिओपॅथीच्या औषधांचे मूळ अर्क बनवतात. धंद्यात त्याला मदर टिंक्चर म्हणतात. ताजी वनस्पती कुटायची, तेज स्पिरिटमध्ये भिजत घालायची, अंधारात मुरू द्यायची, गाळायची आणि गडद तपकिरी बाटल्यांत भरून ठेवायची. पुढची औषधं त्यातून होतात. नागपूरच्या सदर भागात त्यांचं दुकान होतं. ते आता त्यांच्याच हाताखाली शिकलेले एक गृहस्थ चालवतात आणि काही अर्क अजून यांच्याकडूनच नेतात. बेसाचा प्लॉट भोवती शेतं होती तेव्हा घेतलेला. आता चारी बाजूंना फ्लॅट उभे आहेत आणि मधोमध आमची पत्र्याची शेड, एक कडुलिंब आणि त्यावर चढलेला निवडुंग. वरच्या मजल्यांवरून बायका कपडे वाळत घालता घालता खाली बघतात. स्पिरिट बाळगायचा सरकारी परवाना दारामागे फ्रेम करून लावलाय, कारण कुणी ना कुणी येऊन हटकतंच.

सासू-सासरे दोघांचीही घराणी धम्मदीक्षा घेतलेली. पण पाचवं शील, म्हणजे कुठल्याही नशेपासून दूर राहणं, सासूबाई जितकं कडक पाळतात तितकं मी दुसऱ्या कुणाला पाळताना पाहिलं नाही. खोकल्याच्या औषधावरचं बारीक अक्षर त्या माझ्याकडून वाचून घेतात. आमच्या लग्नात एकजण पिऊन आला होता, त्याला त्यांनी पंगतीतून उठवलं. तो माझा सख्खा मामा होता. तरुणपणी त्यांनी वस्तीतल्या बायका गोळा करून दारूची भट्टी बंद पाडली होती, हे सासरे येईल त्या पाहुण्याला कौतुकाने सांगतात. "आमच्या घरी दारूबंदी खात्याच्या वरचं एक खातं हाये," असं ते म्हणतात, आणि वरचं खातं ऐकून न ऐकल्यासारखं करतं.

अशा बाईच्या नवऱ्याने जन्मभर स्पिरिटमध्ये हात घालायचे, हा तिढा लग्न ठरतानाच पडला होता म्हणे. त्यावर तोडगा निघाला तो आंघोळीचा. काम शेडवर, वास शेडवर, उंबरठ्याच्या आत फक्त माणूस. सासूबाईंनी शेडमध्ये कधी पाय ठेवला नव्हता, आणि सासऱ्यांच्या अंगाला घरात कधी स्पिरिटचा वास आला नव्हता. एकमेकांच्या बाबतीत इतका शब्द पाळणारी माणसं मी माझ्या माहेरी पाहिली नव्हती. आमच्याकडे दुपारचा शब्द संध्याकाळपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

मी नाशिककडची. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, आणि कुणी "हे असंच असतं" म्हटलं की माझं टाळकं सरकतं. या औषधांचा गुण येतो की नाही, याबद्दल माझं मत विचारू नका. घरात विचारतात तेव्हा वाद होतो. सासऱ्यांच्या छातीत एकदा दुखलं तेव्हा आम्ही त्यांना सरळ हृदयाच्या दवाखान्यात नेलं, आणि तेही निमूटपणे आले. पण अर्क करण्याच्या त्या कामापुढे मात्र मी पहिल्याच दिवशी गप्प झाले.

आमचा निवडुंग बांधावरचा फड्या निवडुंग नव्हे. हा वेल आहे. अंगठ्याएवढी जाड, शिरा उठलेली हिरवी कांडी एकातून एक फुटत कडुलिंबावर चढतात, बारीक मुळं सालीत रोवतात आणि पत्र्यावर जाऊन खाली लोंबतात. पानं नाहीत. मे महिन्यात, पत्र्याला हात लावला तर चटका बसेल अशा दिवसांत, जेव्हा माणसं दुपारी कुलरपुढून हलत नाहीत, तेव्हा या वेलाला कळ्या येतात. कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही. उन्हात करपून गेलेल्या त्या दोरखंडातून इतकं ओलं, इतकं पांढरं फूल बाहेर येतं, आणि संध्याकाळी उमलून सकाळपर्यंत मान टाकतं. मी शास्त्र शिकलेली बाई. पाणी कांड्यात कसं साठतं, हे मला माहीत आहे. माहीत असूनही दरवर्षी मी त्या झाडाखाली तोंड उघडं टाकून उभी राहते.

फुलं आणि कोवळी कांडी त्याच वेळी खुडायची, हा नियम. ती ओल्या गोणपाटात ठेवायची आणि सकाळी ऊन चढायच्या आत दगडी खलात कुटायची. निवडुंग कुटणं हे चेष्टेचं काम नाही. त्याचा चिकट लगदा बत्त्याला धरून वर येतो, मनगटावरून ओघळतो, आणि काट्यांची बारीक कुसं संध्याकाळपर्यंत बोटांत सलत राहतात. मग तो लगदा काचेच्या बरणीत, वर स्पिरिट, वर घट्ट बूच. नागपूरच्या उन्हाळ्यात स्पिरिट नुसतं उघडं ठेवलं तरी उडून जातं, म्हणून सासऱ्यांनी शेडच्या जमिनीत खड्डा करून घेतलाय. त्यात वाळू, वाळूला रोज पाणी, आणि वाळूत गळ्यापर्यंत पुरलेल्या बरण्या. वर लाकडी झाकण. बाहेर डांबर वितळत असतं आणि त्या वाळूत हात घातला की गार लागतं.

पहिल्या वर्षी मी रोज त्यांच्यामागे जाऊन झाकण उचलून बघायची. लगदा दिवसागणिक फिकट होत गेला आणि त्याचं हिरवेपण द्रवात उतरलं. शेवटी तळाशी पांढुरका चोथा आणि वर गर्द हिरवं पाणी. एका सकाळी सासऱ्यांनी हलवण्यासाठी बरणी वर काढली आणि पत्र्याच्या भोकातून आलेला उन्हाचा कवडसा नेमका तिच्यावर पडला. हिरव्या द्रवात, ऊन शिरलं त्या ठिकाणी, लाल रंग पेटला. साधा लाल नाही, रक्तासारखा. हरितद्रव्य असं वागतं हे मी मुलांना फळ्यावर शिकवलं होतं. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

सासरे बरणी धरून तसेच उभे राहिले. "पोरी, याच्यात रक्त हाये काय गं?" ते म्हणाले. मी कारण सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि उजेडाने अर्क बिघडतो म्हणून बरणी पटकन वाळूत पुरली. पण त्या दिवशी घरी जाताना गाडीवर त्यांनी मला दोनदा विचारलं, "मंग इतकी वर्षं ते तिथं होतंच?"

त्या वर्षीच त्यांनी मला अर्क पारखायचा कसा ते दाखवलं. मीटर त्यांच्याकडे आहे. स्पिरिट किती तेज आहे ते मीटर सांगतं. पण झाड नीट उतरलंय का, कुठे कुजलेला तुकडा गेलाय का, हे मीटरला कळत नाही. त्यासाठी तळहातावर एक थेंब घ्यायचा, दुसऱ्या तळव्याने चोळायचा आणि थांबायचं. आधी येतो तो स्पिरिटचा भपकारा. तो जाऊ द्यायचा. घाई केली तर नाकाला फक्त दारू कळते. स्पिरिट उडून गेलं की तळहातावर जे मागे राहतं, ते झाड.

मी चोळला, थांबले, हुंगलं आणि सणसणून शिंकले. माझं नाक भपकाऱ्याच्या पुढे कधी गेलंच नाही. सासरे हसले आणि स्वतःच्या तळहातावर मान झुकवून म्हणाले, "काकडी, कोरं कापड, आन् मागून जरासं फूल. जमलं." त्यांनी 'जमलं' म्हटल्याशिवाय एकही बाटली शेडबाहेर गेली नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना मोठा ताप आला. त्यातून उठले, पण मोपेड चालवायची हिंमत राहिली नाही. त्यामुळे या उन्हाळ्यात त्यांना बेसाला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. कॉलेजला सुट्टी होती आणि मला तो वेल फुललेला पाहायचा होता.

फुलं यायची तो दिवस त्यांना कळीवरून कळतो. सूर्य बुडाल्यावर आम्ही कडुलिंबाखाली बाज टाकून बसलो. समोरच्या फ्लॅटांमधले दिवे लागायला लागले होते. कळी आधी थरथरली, मग बाहेरच्या पिवळट पाकळ्या एकेक करून मागे वळल्या, आणि आत पांढऱ्यावर पांढरं उघडत गेलं. माझ्या पंज्यापेक्षा मोठं फूल, आणि ते उघडताना दिसत होतं. एक, मग शेजारचं, मग वर पत्र्यावरची तीन-चार. आणि वास! शेजारच्या इमारतीतली एक बाई बाल्कनीत येऊन "कहाँ से आ रही है ये खुशबू?" असं कुणाला तरी विचारत होती, ते मला खाली ऐकू आलं.

सासरे उठले, फुलाच्या अगदी जवळ गेले, नाक जवळजवळ पाकळ्यांत घातलं आणि परत येऊन बसले.

"यंदा वास कमी हाये," ते म्हणाले.

त्या अंगणात वासाने श्वास भरून येत होता, आणि ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी "हो" म्हणावं म्हणून पाहत होते, हे मला समजलं. मी "हो" म्हटलं नाही आणि "नाही"ही म्हटलं नाही. आम्ही फुलं आणि कांडी खुडली, गोणपाट भिजवलं आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुटून तीन बरण्या भरल्या. मग शेड झाडताना मी गोणपाट झटकलं, तर त्याच्या घडीत एक कांडं माझ्या हाताला लिबलिबीत लागलं. आतून काळं पडलेलं. उष्म्याने गोणपाटाच्या तळाची कांडी कुजली होती आणि त्यातलं काही ना काही नक्की बरणीत गेलं होतं. मी ते सासऱ्यांपुढे धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, नाकाला लावलं, बराच वेळ तसंच धरलं आणि खाली ठेवलं.

"मले वास येऊन नाही राहिला, पोरी," ते म्हणाले. "तापापासून. कशाचाच नाही."

नेहमीचं नाक असतं तर भरतानाच कळलं असतं. आता तीनपैकी कुठल्या बरणीत कुजका लगदा गेला, हे सांगायला कुणी नव्हतं. "मुरू दे," ते म्हणाले. "तवर येईनही वास. आईले सांगू नको." आणि मग मुरायच्या त्या दिवसांत मी रोज एकच पाहत होते. म्हातारा माणूस शेडमध्ये बसून एकेक वस्तू नाकाला लावायचा. कांदा चिरून हुंगायचा. उदबत्ती लावून तिच्या धुरात तोंड धरायचा. एकदा फिनेलच्या बाटलीचं बूच काढून बसले होते, ते मी हिसकावून घेतलं आणि चांगली रागावले. ते म्हणाले, "बरं बाई," आणि लहान पोरासारखे हात मांडीवर ठेवून बसले.

गाळायचा दिवस आला. धुतलेल्या मांजरपाटातून अर्क थेंबथेंब उतरला. निवडुंगाचा बुळबुळीतपणा असा की दुपार झाली तरी संपेना. तीन भांडी, तिन्ही सारखीच हिरवी. सासऱ्यांनी तळहातावर थेंब घेतला, चोळला, थांबले, मान झुकवली. त्यांनी हळूच नाही अशी मान हलवली. मग मी प्रयत्न केला; मला तिन्हीत फक्त स्पिरिट. नवऱ्याला फोन करून बोलावलं. तो आला, तिन्ही हुंगले आणि तिन्ही उत्तम आहेत म्हणाला. पण गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून बसलेल्या माणसाच्या नाकावर मी विश्वास ठेवीन, तर माझी पदवी जाळून टाकावी.

सासऱ्यांनी भांडी झाकली. "उद्या तिन्ही ओतून देऊ," ते म्हणाले. "आन् परवाना वापस देऊन टाकतो. दुसऱ्याच्या पोटात जाणारी चीज अंदाजानं देता येत नाही." मी म्हटलं, दुसरं कुणीतरी शिकेल, मी शिकेन. ते म्हणाले, "शिकजो. पण माह्यं नाक नसताना कायचं शिकतं?" आणि आंघोळीला गेले. नळाखाली पाणी पडल्याचा आवाज आला आणि मला फार रडू आलं. शेड गेली तर हा माणूस नंदनवनातल्या खुर्चीत बसून उन्हाळे मोजणार, हे मला लख्ख दिसत होतं.

सांगू नको म्हटलेलं सांगणारी, असा माझा लौकिक नाही. पण त्या संध्याकाळी मी गच्चीवर गेले. सासूबाई वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होत्या. मी शेजारी बसून कुरडया उचलायला लागले आणि म्हटलं, "आई, बाबांना वास येत नाही."

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "तापापासून."

मी विचारलं, "त्यांनी सांगितलं?"

"ते कायले सांगतात! शर्टाले वास येऊन राहिला ना. डिसेंबरात शेडवर गेले होते, तुह्या नवऱ्यासोबत. आंघोळ करून आले, पण धुतल्या शर्टाच्या बाहीले कुठूनतरी स्पिरिट लागलं होतं. जल्मात कधी झालं नव्हतं असं. मी म्हणलं, या माणसाले कळलं असतं तर तो दाराच्या आत आलाच नसता. म्हणजे कळलंच नाही त्याईले." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तवापासून मी शर्ट उचलतो आन् चुपचाप धुऊन टाकतो."

ज्या बाईने लग्नातल्या पाहुण्याला पंगतीतून उठवलं, तिने सहा महिने स्पिरिटचे शर्ट मुकाट्याने धुतले होते. मग मी बरण्यांचं सांगितलं, कुजक्या कांड्याचं, आणि उद्या सगळं ओतून द्यायचं ठरलंय तेही. थेंब चोळायचा, भपकारा जाऊ द्यायचा, मागे राहतं ते झाड, हे सगळं सांगितलं. का सांगत होते ते मला तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. त्या ऐकत होत्या आणि पायाजवळच्या कुरडयांचा चुरा एका बोटाने गोळा करत होत्या.

"माह्यं नाक लय तेज हाये," त्या शेवटी म्हणाल्या. "माह्या बापानं करून देल्लं ते. दीक्षा घेतली होती त्यानं, पण बाटली सुटली नाही. मी दारातून सांगू शकत होती, मोहाची पेला का गुळाची, थोडी का लय. थोडी असली तर मायले म्हणो, वाढ. लय असली तर लहान्या बहिणीले घेऊन शेजारी पळो." त्या थांबल्या. "तो वास आला का अजूनही माह्ये पाय पळाले पाह्यतात. म्हणून मी घरात येऊ देत नाही. लोक समजतात, बाई लय धार्मिक हाये."

खाली सासऱ्यांनी टीव्ही लावला होता, त्याचा आवाज वर येत होता.

"उद्या कितीले जाता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आई, पण तुमचं शील..."

"काहून वं?" त्या म्हणाल्या. "शील बेहोशीच्या विरोधात हाये. मी पुऱ्या होशात येऊन राहिली. पेणार थोडीच हाये!"

सकाळी त्या विहारात जायची पांढरी साडी नेसून गाडीत मागे येऊन बसल्या. सासरे पुढे बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना लगेच सगळं समजलं.

फाटकाशी सासूबाई जराशा थांबल्या. कडुलिंबावरच्या वेलाकडे त्यांनी वर पत्र्यापर्यंत मान करून पाहिलं. मग पदर सावरला आणि आत आल्या. शेडमध्ये वास कोंडलेला होता. त्यांनी दाराची चौकट धरली. सासरे म्हणाले, "अवं, राहू दे. काही गरज नाही." त्या म्हणाल्या, "तुमी बसा."

त्यांनी हात पुढे केला. सासऱ्यांनी पहिल्या भांड्यातला थेंब त्यांच्या तळहातावर सोडला. सासूबाईंनी दुसऱ्या तळव्याने चोळलं आणि हात नाकाजवळ नेला.

त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत लहान झाला. मी आजवर कुणाच्या तोंडावर असं पाहिलेलं नाही. सत्तरीची बाई, आणि डोळे आठ वर्षांच्या पोरीचे, दाराकडे लागलेले. त्यांचं एक पाऊल खरंच मागे सरकलं. सासरे कासावीस होऊन उठायला लागले. सासूबाईंनी डोळे मिटले आणि मान हलवून त्यांना बसवलं. हात मात्र नाकापासून हलवला नाही. भपकारा येत होता आणि त्या तिथे उभ्या होत्या. बाहेर कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये कुकरची शिटी झाली. मी त्यांच्या पायांकडे पाहत होते. मागे गेलेलं पाऊल पुन्हा पुढे आलं.

मग त्यांच्या कपाळावरची आठी सुटली.

"गेली," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, डोळे न उघडता, "आलं. झाड आलं."

"कसं हाये?" सासऱ्यांनी विचारलं.

"ओलं हाये. काकडी चिरल्यासारखं. आन् मागून..." त्या हसल्या, "अवो, मागून फूल हाये तुमचं."

दुसऱ्या थेंबाला भपकारा जाताच त्यांनी तोंड फिरवलं. "हे कुजलं हाये. नालीवानी. फेका." तिसरा चांगला निघाला. सासऱ्यांनी दुसरं भांडं बाहेर नेऊन रिकामं केलं आणि परत आले. मग दोन्ही अर्क बाटल्यांत भरताना त्या माझ्याशेजारी उभ्या राहून बुचं देत होत्या. बाटल्या सुकलेल्या आहेत ना, बूच घट्ट बसलं ना, लेबल सरळ आहे ना, असं सगळं आमच्याकडून दोनदा तपासून घेतलं. वरचं खातं शेडमध्ये रुजू झालं होतं. एकदा उरलेल्या अर्काची काचेची बरणी उजेडाकडे धरायला निघाल्या तेव्हा सासऱ्यांनी त्यांचा हात धरून ती पत्र्याच्या कवडशात नेली. आत लाल पेटलं. सासूबाई "अग्गोबाई" म्हणाल्या आणि बरणी छातीशी धरून कितीतरी वेळ आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिल्या, आम्ही काहीतरी चोरून ठेवलं होतं असं.

काम संपलं. सासऱ्यांनी सवयीने खुंटीवरची पिशवी काढली, धुतलेले कपडे खांद्यावर टाकले आणि नळाकडे निघाले.

"घरी करा आंघोळ," सासूबाई म्हणाल्या.

ते तिथेच थांबले. "वास येऊन राहिला असन ना मले?"

"येऊन राहिला," त्या म्हणाल्या. "चला."

परत येताना दोघंही मागे बसले. ऊन डोक्यावर आलं होतं आणि बंद गाडीत त्यांच्या दोघांच्या हातांचा, कपड्यांचा स्पिरिटचा वास असा भरला की माझं डोकं चढायला लागलं. मी विचारलं, "आई, काच खाली करू?"

"नको," त्या म्हणाल्या. त्यांची मूठ मिटलेली होती. मधूनमधून ती नाकाजवळ नेऊन त्या त्यांना सांगत होत्या, आता काकडी कमी झाली, आता कोरं कापड आलं. सासरे डोळे मिटून ऐकत होते. नंदनवनच्या वळणावर त्यांनी विचारलं, "आन् आता?"

"आता फूलच राह्यलं हाये," त्या म्हणाल्या, आणि मूठ उघडून त्यांच्या नाकापुढे धरली, त्यांना वास येत नव्हता तरी.